क्रोशाच्या पांघरुणावर करवत काठ: नागपुरातील एका मागणीचा प्रकरण अभ्यास

नागपूरच्या महाल भागात घरबसल्या क्रोशाचे काम करणाऱ्या एका काकूंकडे मार्चच्या अखेरीस बाळाच्या पांघरुणाची मागणी आली. मागणी बाळाच्या आत्याची होती, कारण नाव ठेवण्याचा मान तिचा. बारसे बाराव्या दिवशी न करता सगळ्यांच्या सोयीने अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करायचे ठरले होते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या शहरात लोकरीचे पांघरूण बाळाच्या अंगावर कोण घालणार, म्हणून काकूंनी मऊ सुती दोरा घेतला आणि साडेतीन मिलिमीटरच्या सुईने दुधी रंगाचे, साध्या खांबांचे, म्हणजे सुईवर दोरा एकदा गुंडाळून घातलेल्या उंच टाक्यांचे, पांघरूण विणले. रुंदीला १५६ खांब म्हणजे ७८ सेंटिमीटर, आणि लांबी ८२ सेंटिमीटर. खांबाची उंची मुक्या खांबाच्या, म्हणजे दोरा न गुंडाळता घातलेल्या ठेंगण्या टाक्याच्या, जवळपास दुप्पट असल्यामुळे काम झरझर वाढते, शिवाय विणीत हवा खेळती राहते. इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

पांघरूण विणून झाल्यावर मागणीत भर पडली. बाळाच्या आजींकडे त्यांच्या लग्नातली करवत काठाची, म्हणजे काठावर करवतीसारखे दाते असलेली, टसर रेशमाची साडी आहे. तिचा काठ पांघरुणाच्या दोन्ही टोकांना यावा आणि एका टोकाला बाळाचे नाव असावे, अशी घरच्यांची इच्छा झाली. "काकू, काठ आजीच्या साडीसारखाच दिसला पाहिजे जी, अन् नाव बारशापर्यंत कोणाला कळू देऊ नका," एवढेच आत्याचे म्हणणे होते. नाव तीन अक्षरी असून त्यात एक जोडाक्षर होते. गुपित राखण्याची अट या लेखातही पाळली आहे.

हा प्रसंग तपशिलाने मांडण्याजोगा वाटतो, कारण क्रोशावर भरतकाम करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी एकाच वस्तूत एकत्र आल्या होत्या. मोजून भरायची नक्षी, मुक्त वळणाची देवनागरी अक्षरे, धुण्यात सतत राहणारी वस्तू, तान्ह्या बाळाची बोटे आणि आधीच विणून तयार असलेली, भरतकामाचा विचार न करता निवडलेली वीण, या सगळ्यांतून एकाच वेळी मार्ग काढायचा होता.

काकूंनी पहिला प्रयोग पांघरुणावर न करता त्याच दोऱ्याच्या, त्याच खांबांच्या एका तुकड्यावर केला, हा त्यांचा शहाणपणा म्हणावा लागेल. तुकडा भरतकामाच्या रिंगेत ताणून बसवला, नावाचे पहिले अक्षर पेन्सिलीने काढायचा प्रयत्न केला आणि सहा पदरी दोऱ्याने भरीव टाका घातला. पेन्सिल उमटली नाही, उमटली तिथे तुटक उमटली. टाके घालत असताना अक्षर बरे दिसत होते, परंतु रिंग काढताच ताणलेली वीण मूळ आकाराला परतली आणि अक्षराभोवती चुण्या पडल्या. दोन खांबांच्या मधल्या फटींवरून गेलेले टाके खाली आधार नसल्याने सैल पडून लोंबू लागले, तर खांबाच्या दांडीवर घातलेले टाके दोऱ्यांच्या मध्ये रुतून दिसेनासे झाले. मागच्या बाजूला एका ठिकाणाहून दुसरीकडे नेलेल्या दोऱ्याचे लांब फेर राहिले होते, आणि बाळाचे बोट नेमके अशाच फेरात अडकते.

या अपयशात काकूंच्या हाताचा दोष नव्हता. कापडावर भरतकाम करताना उभ्या-आडव्या धाग्यांचे घट्ट जाळे सुईला कुठेही आधार देते, क्रोशाच्या विणीत तसे जाळे नसते. तिथे एकात एक गुंतलेले फासे असतात. ते ताणले की सरकतात आणि सोडले की परततात. खांबांच्या विणीत तर दर दोन दांड्यांमध्ये उघडी फट असते. अशा विणीवर सलग, रंग भरून काढणारे भरतकाम करणे म्हणजे जाळीवर रंग लावण्यासारखे आहे. याउलट मुक्या खांबांची वीण ठेंगणी, दाट आणि जवळजवळ चौकटीची असते. तिच्यात दर टाक्याच्या चार कोपऱ्यांना लहान छिद्रे सापडतात आणि त्या छिद्रांतून फुलीचा टाका मोजून घालता येतो. जुन्या काळी लांब सुईने केल्या जाणाऱ्या अफगाण विणीवर फुलीचा टाका भरण्याची रीत रुजली, तीही याच कारणाने, कारण त्या विणीतल्या उभ्या दांड्या मोजायला आयत्या मिळतात.

प्रश्न असा होता की तयार पांघरुणाचे काय करावे. काकूंसमोर तीन मार्ग होते. पहिला, मलमलीच्या किंवा पॉपलीनच्या पट्टीवर भरतकाम करून ती पट्टी पांघरुणाला शिवणे. हा मार्ग सर्वांत सोपा आहे आणि अनेक ठिकाणी तो योग्यही असतो. मात्र कापड ताणले जात नाही आणि क्रोशा ताणला जातो, त्यामुळे ७८ सेंटिमीटर लांबीच्या सरळ पट्टीच्या कडेने पांघरूण धुतल्यावर झालरीसारखे फुगण्याची शक्यता असते. लहानशा ठिगळाला ही अडचण येत नाही, पूर्ण काठाला येते. दुसरा मार्ग सगळे पांघरूण मुक्या खांबांत नव्याने विणण्याचा. तेवढा वेळ हातात नव्हता, आणि मुक्या खांबांचे संपूर्ण पांघरूण जड व कडकही झाले असते. तिसरा मार्ग असा की मधले खांबांचे अंग तसेच ठेवायचे आणि दोन्ही टोकांना मुक्या खांबांच्या पट्ट्या विणून भरतकाम फक्त त्यांच्यावर करायचे. काकूंनी हाच मार्ग धरला, आणि माझ्या मते साडीच्या मूळ रचनेलाही तोच धरून होता. करवत काठाच्या साडीत टसरचे अंग आणि रंगीत काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवले जातात, म्हणजे तिथेही काठ अंगापेक्षा वेगळा पण अंगातच विणलेला असतो. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव या भागांत आणि नागपुरात विणल्या जाणाऱ्या या वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याची ओळख म्हणजे अंगाकडे टोक करून ओळीने उभे राहणारे करवतीचे दाते.

पट्ट्या जोडताना क्रोशाच्या विणीचा एक गुण कामी आला. क्रोशा शेवटच्या टोकाकडून सहज उसवता येतो, सुरुवातीच्या साखळीकडून मात्र उसवत नाही. काकूंनी शेवटच्या टोकाच्या ११ ओळी, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, उसवल्या आणि तिथे नावाची रुंद पट्टी व तिच्याबाहेर काठ विणला. दुसऱ्या टोकाला सुरुवातीच्या साखळीतूनच टाके उचलून फक्त काठ विणला. आधी नमुना विणून पाहिल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. साडेतीनच्या सुईने मुके खांब घातले तर १० सेंटिमीटरमध्ये २१ टाके येत होते, म्हणजे १५६ टाक्यांची पट्टी ७८ ऐवजी सुमारे ७४ सेंटिमीटरची होऊन पांघरुणाचे टोक आवळले गेले असते. चार मिलिमीटरच्या सुईने ते २० आले, रुंदी जुळली, आणि कोपऱ्यांची छिद्रे थोडी मोकळी झाल्यामुळे भरतकामाची सुईही विनासायास जाऊ लागली.

आता दात्यांचा हिशोब. या नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये आडवे २० टाके आणि उभ्या २३ ओळी होत्या. म्हणजे एक मुका खांब ५ मिलिमीटर रुंद, पण उंचीला साडेचारपेक्षाही थोडा कमी. वरवर चौकोनी दिसणारा हा टाका चौकोनी नाही, आणि क्रोशावर भरलेली नक्षी बसकी दिसते ती याच फरकामुळे. साध्या आलेखाच्या कागदावर २० बाय २० चौकटींत काढलेले चित्र प्रत्यक्षात १० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर उंच उतरते. काकूंनी साडीवरचा दाता मोजला तेव्हा त्याची रुंदी आणि उंची सारखीच भरली. हे प्रमाण राखायचे तर ७ टाके रुंद आणि ८ ओळी उंच असा दाता हवा: ७ गुणिले ५ म्हणजे ३५ मिलिमीटर, आणि ८ ओळींचेही जवळजवळ तितकेच. दात्याच्या ओळींत फुल्यांची संख्या ७, ७, ५, ५, ३, ३, १, १ अशी घेतली. दर दोन ओळींनी एक पायरी घेण्याचा फायदा असा की उलटसुलट विणलेल्या मुक्या खांबांत दर दोन ओळींची एक जोडी होऊन उंचवटा तयार होतो आणि प्रत्येक पायरी बरोबर एका जोडीवर बसते. मोजणीत चूक झाली तर ती त्याच जोडीत कळते. १५६ टाक्यांत दोन्ही कडांचा एकेक टाका सोडून २२ दाते नेमके बसले. काठाच्या बाहेरच्या कडेची सलग रेघ मात्र भरली नाही, मरून दोऱ्याची एक ओळ विणूनच घेतली. जे विणून मिळते ते भरत बसू नये, हे काकूंचे मत मला पूर्ण पटते.

दातेही दोन रंगांच्या क्रोशाने विणून का घेतले नाहीत, असा प्रश्न जाणकार विचारतील. तसे विणताना न वापरलेला रंग टाक्यांच्या पोटातून न्यावा लागतो. दुधी विणीतून आतला मरून दोरा डोकावतो, पट्टी जाड होते आणि दात्याच्या कडा कलत्या व धूसर येतात. गडद अंगावर गडद नक्षी असती तर मीही तोच पर्याय सुचवला असता. या रंगसंगतीत फुलीचा टाकाच सरस ठरतो.

पट्ट्या गोल न फिरता उलटसुलट ओळींनी विणल्या होत्या, हेही महत्त्वाचे आहे. गोलात विणलेल्या मुक्या खांबांची उभी रांग हळूहळू एका बाजूला सरकत जाते, त्यामुळे टोपीवर किंवा बटव्यावर फुल्यांनी भरलेला दाता तिरका पडतो. उलटसुलट विणीत रांग एकंदरीत सरळ राहते.

दोऱ्याच्या निवडीत बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. भरतकामाच्या लच्छीत साधारणतः ८ मीटर दोरा असतो आणि त्याचे सहा पदर असतात. साध्या फुलीच्या कापडावर दोन-तीन पदर पुरतात, पण इथे एका इंचात जेमतेम पाच फुल्या येणार होत्या. एवढ्या मोठ्या फुलीला सहा पदरही विरळ पडले आणि खालचा दुधी रंग दिसत राहिला. पांघरुणाच्याच जाडीचा मरून सुती दोरा घेऊन पाहिला, तर त्याने फुली भरली पण विणीचे टाके बाजूला ढकलले आणि नमुन्याची कड लाटेसारखी उठली. शेवटी सहा पदरी दोऱ्याच्या दोन तारा एकत्र करून बारा पदरांनी भरल्यावर फुली दाटही दिसली आणि सपाटही बसली. एका फुलीला पुढची-मागची बाजू धरून अडीच सेंटिमीटर दोरा लागतो. एका दात्यात ३२ फुल्या, म्हणजे ८० सेंटिमीटर, आणि सुरुवात व शेवट मुरवण्यासाठी २० सेंटिमीटर धरून दर दात्याला नेमका एक मीटर. दोन्ही टोकांचे मिळून ४४ दाते, दुहेरी तार धरून ८८ मीटर, म्हणजे ११ लच्छ्या. नावासाठी एक वेगळी. या सगळ्या काकूंनी इतवारी बाजारातून एकाच वेळी, वेष्टनावरचा रंगक्रमांक आणि लॉट तपासून आणल्या, कारण नंतर आणलेली लच्छी त्याच क्रमांकाची असूनही किंचित निराळी निघू शकते आणि ओळीने उभ्या असलेल्या दात्यांत तो फरक लपत नाही.

मरून आणि लाल रंगांचा दुसरा धोका म्हणजे रंग सुटणे. दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडात दाबून वरून गरम इस्त्री फिरवली तर रंग सुटणार की नाही हे लगेच दिसते. काकूंच्या तपासणीत फिकट गुलाबी डाग उमटला. शेजारून व्हिनेगरमध्ये आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला आला. घरोघरी हा सल्ला दिला जात असला तरी सुती दोऱ्याचा रंग व्हिनेगरने पक्का होत नाही, आणि बाळाच्या वस्तूच्या बाबतीत त्यावर विसंबून राहणे बरोबर नाही. काकूंनी लच्छ्या सैल बांधून, पाणी स्वच्छ येईपर्यंत गरम पाण्यात धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि तपासणी पुन्हा केली. डाग आला नाही तेव्हाच दोरा वापरात घेतला. डाग आला असता तर दुसरा दोरा आणणे एवढाच मार्ग होता.

पट्ट्या जोडलेले पांघरूण भरतकामाआधी धुऊन, सपाट पसरून, मापाप्रमाणे बेतून वाळवले. सुती विणीत पहिल्या धुण्यात आक्रसण्याचा गुण असतो. भरतकामानंतर वीण आक्रसली आणि दोरा आक्रसला नाही, तर टाके सैल होऊन उभे राहतात. ही पायरी घाईत गाळली जाते आणि त्याचा परिणाम वस्तू ग्राहकाच्या घरी गेल्यावर दिसतो, म्हणून तिच्यावर जोर देणे आवश्यक आहे.

प्रत्यक्ष भरताना रिंग वापरली नाही. पट्टी टेबलावर सपाट ठेवून, हाताने न ताणता, बोथट टोकाच्या आणि मोठ्या नेढ्याच्या सुईने काम केले. टोकदार सुई विणीच्या दोऱ्याचे पदर फाडत जाते, त्यामुळे फुली वाकडी बसते, आणि चूक झाली तर उसवताना विणीचाच दोरा तुटतो. बोथट सुई आपोआप छिद्र शोधते. प्रत्येक ओळीत आधी डावीकडून उजवीकडे अर्ध्या फुल्या घालून परतताना त्या पूर्ण केल्या. वरचा तिरपा टाका सर्व दात्यांत एकाच दिशेने ठेवला. तो एखाद्या ठिकाणी उलटला तरी त्या फुलीवर प्रकाश निराळा पडतो आणि डोळा नेमका तिथेच जातो. दोरा ओढताना फुली विणीवर टेकली की थांबायचे, त्यापुढे ओढले की छिद्र मोठे होते. मागे गाठ कुठेही मारली नाही. दोऱ्याचे टोक मागच्या उभ्या टाक्यांखालून एका दिशेने नेऊन, एक टाका सोडून उलट फिरवून मुरवले. एका दात्याचा दोरा दुसऱ्या दात्यापर्यंत नेला नाही. दर दाता स्वतंत्र सुरू झाला आणि स्वतंत्र संपला. यात वेळ जास्त गेला, पण मागे एकही लांब फेर राहिला नाही. शोभेसाठी मणी किंवा टिकल्या लावण्याची आत्याची सूचना काकूंनी बाळाच्या वयाकडे पाहून ठामपणे नाकारली. हा नकार प्रत्येक कारागिराने न संकोचता द्यावा.

नावाचे काम वेगळ्या स्वभावाचे होते. देवनागरी अक्षरांना शिरोरेषा असते आणि ती विणीच्या एका ओळीवर सरळ बसते, एवढी एक सोय. खालची वळणे मात्र फुल्यांत धरायला गेले तर पायऱ्या-पायऱ्यांची होतात, आणि जोडाक्षरातले अर्धे अक्षर तीन-चार फुल्यांच्या रुंदीत ओळखूच येत नाही. म्हणून नाव फुलीने न भरता साखळी टाक्याने भरले. साखळी टाका विणीच्या चौकटीला बांधलेला नसतो, वळणावर सहज वळतो, आणि विणीबरोबर थोडा ताणलाही जातो. उलटी टीप ताणली की दोरा तुटतो किंवा वीण आवळते. साखळीत फासे असल्याने तिला तेवढी सवलत मिळते. शिवाय क्रोशाच्या विणीवर साखळी परकी वाटत नाही. इथे सहा पदर पुरले.

अक्षरे १८ ओळींच्या उंचीत, म्हणजे पावणेआठ सेंटिमीटरच्या जरा वर, काढली. आराखडा बटर पेपरवर प्रत्यक्ष मापात काढून तो कागद कच्च्या टाक्याने पट्टीवर बसवला आणि कागदासकट भरले. शिरोरेषा आधी, त्यानंतर उभ्या दांड्या आणि शेवटी वळणे, हा क्रम काकूंनी ठरवला, कारण शिरोरेषा एका ओळीवर पक्की झाली की बाकीच्या अक्षरांना लटकायला आधार मिळतो. वळणावर टाके लहान, सरळ भागात थोडे मोठे. बोथट सुई नेमक्या वळणावर छिद्र सोडून सरकत होती, म्हणून फक्त नावासाठी टोकदार सुई घेतली आणि गरज पडेल तिथे विणीच्या दोऱ्याच्या पोटातूनच टाका काढला. फुलीच्या कामात जे वर्ज्य होते तेच इथे उपयोगी पडले. कागद काढताना तो एकदम न ओढता टाक्यांच्या रेषेवर दुमडून, थोडा थोडा फाडून काढला. जोडाक्षराच्या कोपऱ्यात अडकलेले कण चिमट्याने काढावे लागले, आणि तेथील दोन साखळ्या उचलल्या जाऊन पुन्हा घालाव्या लागल्या. नावाच्या मागच्या बाजूला मलमलीचा एक मऊ तुकडा सैलसर हातशिलाईने लावला. सगळ्या पांघरुणाला अस्तर लावले असते तर ते उन्हाळ्यात नकोसे झाले असते आणि वाळायलाही वेळ लागला असता. तेवढ्याच भागाला लावल्याने मागचे टाके झाकले गेले आणि अक्षरांखाली वीणही धरली गेली.

पांघरूण बारशाच्या आधी पोहोचले. आजींनी साडी शेजारी ठेवून दाते मोजून पाहिले, असे आत्याने कळवले. उन्हाळाभर ते वरचेवर धुतले गेल्यानंतर काकूंनी मुद्दाम मागवून पाहिले तेव्हा फुल्या जागच्या जागी होत्या आणि दुधी विणीवर मरून रंगाचा डाग नव्हता. एक उणीव मात्र होती. वाळताना दोरीवर लांबीने टांगल्यामुळे ओल्या खांबांचे अंग खाली ताणले गेले होते आणि दाट पट्टी तशी ताणली गेली नव्हती, त्यामुळे अंग व काठ यांच्या सांध्यापाशी किंचित चुण्या पडल्या होत्या. पुन्हा सपाट पसरून वाळवल्यावर त्या बऱ्याच कमी झाल्या. तेव्हापासून काकू प्रत्येक वस्तूसोबत, सपाट पसरून वाळवावे आणि भरतकामावर उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून इस्त्री करावी, अशी चिठ्ठी देतात.

मजुरीचा मुद्दा शेवटी राहतो. विणकामाचा दर आधी ठरला होता आणि काठ व नाव नंतर वाढले होते. एका दात्याला साधारण पाव तास धरला तरी ४४ दात्यांचे ११ तास होतात, आणि नाव, उसवणे, पट्ट्या, धुणे व नमुने हे सगळे त्याशिवाय. ग्राहकाला "थोडीशी नक्षी" वाटणारे काम मूळ विणकामाच्या बरोबरीला आले होते. आत्याने मागाहून रक्कम वाढवून दिली, पण तो तिचा चांगुलपणा झाला. आता काकू मागणी घेतानाच भरतकाम हवे का, हे विचारतात. हवे असेल तर तेवढा भाग सुरुवातीपासून मुक्या खांबांत धरतात, आलेखावर फुल्या मोजतात आणि त्या आकड्यावर वेगळा दर सांगतात. नावातल्या जोडाक्षराचे पैसे मात्र त्या अजून वेगळे लावत नाहीत.